एकेकानं बोला

४ नोव्हेंबर, मंगळवार

आजपासून रोजनिशी. रेडिओच्या कामाची नोंद राहावी एवढाच हेतू. स्वतःबद्दल काही लिहायचं नाही.

केंद्राच्या प्रमुख मोना मॅडमनी 'एकेकानं बोला' परत सुरू करायला परवानगी दिली. हा कार्यक्रम मालन चालवायची. मालन म्हणजे माझी पत्नी. फेब्रुवारीत गेली. तेव्हापासून मंगळवारी सकाळी सातच्या वेळेला नुसती भक्तिगीतं लावत होते. आता चिंचवस्तीच्या ग्रामपंचायतीची निवडणूक लागली आहे. रस्ता, पाणी, घरकुल यावर सर्वांसमोर चर्चा व्हायला पाहिजे, म्हणून मीच अर्ज दिला. लोकशिक्षण हा उद्देश. दुसरा कोणताही नाही.

एकच विनंती केली. सुरुवातीला मालनच्या आवाजातलं जे रेकॉर्डिंग आहे ते तसंच राहावं. राम राम मंडळी, या, बसा, चहा ठेवलाय, आता एकेकानं बोला. एवढंच आहे. श्रोत्यांना सवय आहे म्हणून.

मॅडम म्हणाल्या, राहू दे काका, पण मारामारी झाली तर कार्यक्रम बंद आणि ते रेकॉर्डिंगही बंद. मी म्हणालो, पाटबंधारे खात्यात पाण्याच्या पाळ्या लावण्यात माझी सगळी नोकरी गेली, माझ्यावर कुणी हात उचलला नाही. (एकदा खोऱ्याचा दांडा डोक्याला लागला होता. पण तो दुसऱ्यासाठी होता.) मी शांत माणूस आहे. माझ्यासमोर माणसं आपोआप शांत होतात.

संध्याकाळी केंद्रावर जाऊन रेकॉर्डिंग ऐकलं. आवाजाची पातळी तपासायला. ठीक आहे. परत तपासली.

११ नोव्हेंबर, मंगळवार

पहिला कार्यक्रम थेट झाला. विषय: वस्तीचा रस्ता. एका पॅनेलकडून सोनबा तात्या, पंधरा-वीस वर्षं पंचायतीत आहेत. दुसऱ्याकडून राजवर्धन, शिकलेला, ठिबकची कामं घेतो, पहिल्यांदाच उभा आहे.

आमच्यासारख्या सामुदायिक रेडिओ केंद्राला राजकारण चालत नाही, असा सरकारी नियम आहे. म्हणून मी नियम केला: कुणाचंही नाव घ्यायचं नाही, पक्षाचं नाही, उमेदवाराचं नाही. नाव नसलं की भांडण कशाला होईल?

राजवर्धननं नियम पाळला. तो म्हणाला, रस्त्यासाठी आलेली खडी एका पिवळ्या बंगल्याच्या अंगणात पडली, बंगल्यावाल्यानं त्याच्यावर गोठा बांधला.

दिवाळीत लियाकतभाईंच्या हार्डवेअरच्या दुकानात पिवळा रंग स्वस्त होता. ही गोष्ट माझ्या लक्षात नव्हती. वस्तीतल्या सगळ्या पिवळ्या बंगल्यांचे मालक कार्यक्रम संपायच्या आत केंद्राच्या गेटवर हजर. गेट पडलं. राजवर्धनच्या चुलतभावाला चपलेनं मारलं. मग, नक्की कोणाबद्दल बोलला, यावरून पिवळ्या बंगल्यावाल्यांची आपसात जुंपली. एकाचा दात पडला. तो आधीच हलत होता, असं आमचा तंत्रज्ञ शहबाज सांगतो.

सोनबा तात्या मात्र पूर्ण वेळ शांत बसून चहा पीत होते. टीका त्यांच्यावरच होती. पण त्यांनी या दिवाळीला आपला पिवळा बंगला निळा करून घेतला आहे.

श्रोते लक्ष देऊन ऐकतात, हे सिद्ध झालं. मॅडमना तसं सांगितलं. त्यांनी गेटकडे बोट दाखवलं. मतदानापर्यंत बघू, म्हणाल्या.

१३ नोव्हेंबर, गुरुवार

उपाय सापडला. थेट कार्यक्रम करायचाच नाही. सोमवारी रेकॉर्ड करायचं, मंगळवारी सकाळी लावायचं. राग रात्रभरात उतरतो.

मुलाचा, संदेशचा, चाकणहून फोन. कंपनीत ओव्हरटाइम चालू आहे म्हणाला. आईचं ते रेकॉर्डिंग मोबाइलवर पाठवा म्हणाला. मी म्हणालो, केंद्राच्या मालमत्तेची अशी वाटणी करता येत नाही, आणि ते घरी ऐकायला नाहीच, ते रेडिओवर लागायला आहे. मधेच फोन कट झाला. लाइन खराब असावी.

१८ नोव्हेंबर, मंगळवार

काल रेकॉर्डिंग. विषय: पाण्याची पाळी, हा माझा हक्काचा विषय. तरीही राजवर्धन तात्यांना म्हणाला, तुमच्या विहिरीला पाट फुटतो आणि आमच्या उसाला धूळ. तात्यांनी पाण्याचा तांब्या फेकला. राजवर्धनच्या कपाळाला लागला. त्यानं तात्यांचा फेटा ओढून टेबलाखाली टाकला. शहबाज सांगतो, आवाज छान आला आहे.

पण नंतर चहा झाला. तात्या राजवर्धनच्या आईचे मामा लागतात. म्हणाले, आरं लेका, तुला लागलं व्हय? राजवर्धननं फेटा झटकून दिला, पाया पडला. दोघं एकाच मोटरसायकलवर घरी गेले. माझा उपाय यशस्वी.

आज सकाळी सातला मी केंद्रावर नव्हतो. रेकॉर्डिंग लावायला शहबाज पुरेसा आहे. मी सहज डेअरीच्या रस्त्यानं चालत गेलो. सकाळी दूध घालायच्या वेळी प्रत्येक घरात रेडिओ चालू असतो. या घरातून या, बसा. पुढच्या घरातून चहा ठेवलाय. डेअरीवर पोचेपर्यंत एकेकानं बोला. प्रसारण सगळीकडे नीट पोचतं का ते तपासायचं होतं. पोचतं.

त्यानंतरची नोंद: समेट झाल्याचं दोन्हीकडच्या भावकीला माहीत नव्हतं. रेडिओवर तांब्याचा आवाज ऐकून तात्यांचे पुतणे काठ्या घेऊन राजवर्धनच्या घरी गेले. तात्या तिथंच पोहे खात बसले होते. पुतण्यांनी राजवर्धनच्या भावाला अंगणात लोळवला, मधे सोडवायला गेले म्हणून तात्यांच्याच पाठीत काठी बसली. तात्या म्हणाले, आरं मी हाय, मी हाय. पुतण्या म्हणाला, तात्या तुमी हितं काय करताय? आणि मारलेली काठी फुकट जाऊ नये म्हणून शेजारच्याला आणखी एक मारली.

काठी पुतण्याची होती. म्हणजे प्रकरण घरगुती आहे, रेडिओचं नाही. मॅडमना तसं लेखी कळवलं.

मॅडमचं उत्तर: काका, एक भांडण आपण दोनदा करून दाखवलं.

२२ नोव्हेंबर, शनिवार

नवीन उपाय. रेकॉर्डिंगच ठेवायचं, पण अपशब्द आणि आपटाआपटी झाकायची. शहबाजकडे शाळेच्या घंटेचा आवाज आहे. जिथं वाईट शब्द तिथं घंटा. मूळ शब्द कुणाला कळणारच नाही, मग राग येणार कशाचा?

शहबाजनं घंटा तपासून बघताना चुकून ती मालनच्या रेकॉर्डिंगवर ठेवली. राम राम, टण्ण, चहा, टण्ण. त्यानं लगेच काढली. मी त्याचा हात जरा धरला, एवढंच. तो म्हणतो मनगट सुजलं. थंडीनं होतं तसं.

२५ नोव्हेंबर, मंगळवार

काल तात्या फक्त बिनडोक म्हणाले. तेही चिडून नाही. मी स्वतः ऐकलं आहे. शहबाजनं नियमाप्रमाणे घंटा टाकली.

आज सकाळी डेअरीवर वाक्य असं ऐकू आलं: हा राजवर्धन म्हणजे एक नंबरचा टण्ण. मी तिथंच होतो. कुणी म्हणालं, काय म्हनाले असतील ओ? दुसरा म्हणाला, आईवरनंच असनार, न्हायतर घंटा कशाला वाजवत्यात? तिसऱ्यानं शब्दच सांगितला. चौथा म्हणाला, छ्या, तात्या जुनं मानूस हाय, त्याच्याहून जड बोलला असंल. आणि त्याहून जड शब्द सांगितला. पंधरा मिनिटांत तात्यांच्या नावावर असे शब्द जमा झाले, जे मी नोकरीत कालव्यावर रात्रपाळीलाही ऐकले नव्हते.

राजवर्धनच्या आईनं, छबूबाईंनी, हातातली कासंडी तात्यांच्या पुतण्याच्या तोंडावर घातली. दूध भरलेली होती. पुतण्यानं कॅनचं झाकण फेकलं. मग कॅनच. फॅट मोजायचं मशीन वाचवायला डेअरीचा सचिव आडवा झाला, त्याच्या हाताचं हाड मोडलं. दुधात आणि रक्तात पाय घसरून आणखी दोघं पडले. इंदापूरहून पोलिसांची जीप आली. मी पोलिसांना सांगितलं की मूळ शब्द बिनडोक होता. साहेब म्हणाले, मग तो तसाच का ऐकवला नाही? या प्रश्नाला मुद्दा आहे. पण मी पोलिसांपुढे कबूल केलं नाही.

सुरुवातीचं रेकॉर्डिंग मात्र स्वच्छ ऐकू आलं होतं.

२७ नोव्हेंबर, गुरुवार

लियाकतभाईंच्या दुकानात नळाचा वायसर आणायला गेलो. कुदळीचे, कुऱ्हाडीचे दांडे सगळे संपलेले. शेतीची कामं जोरात दिसतात.

लियाकतभाई म्हणाले, भाऊसाब, सोमवारी माल भरतो, मंगळवारी दुपारी दुकान मोकळं. कुदळ मागं टाकून नुसता दांडा नेत्यात लोकं. मी विचारलं, याचा रेडिओशी काय संबंध? ते वायसर शोधत राहिले.

मग म्हणाले, वैनी असताना असं होत न्हवतं. मी म्हणालो, मालन काय करायची? म्हणाले, काय न्हाय ओ. कोन उठला की म्हनायच्या, बस खाली, तुझ्या आईला सांगंन. बसायचा गप.

एवढंच होय. हे मलाही करता येईल. उगीच उपाय शोधत बसलो.

२ डिसेंबर, मंगळवार

मॅडमच्या परवानगीनं पुन्हा थेट. विषय: घरकुलाची यादी. काही वेळ उत्तम. मग राजवर्धन म्हणाला, घरकुल मिळालेल्याच्या घरापुढं चारचाकी उभी हाय. तात्या खुर्चीतून उठले.

मी शांतपणे म्हणालो, तात्या, बसा, नाहीतर तुमच्या आईला सांगेन.

तात्यांचं वय त्र्याहत्तर. आई जाऊन बरीच वर्षं झाली. हे मला माहीत होतं, पण वाक्य आधीच पाठ करून ठेवलं होतं.

तात्या म्हणाले, भाऊसाहेब, मेलेल्या मानसाला मदी आनू नगा. आवाज अगदी हलका होता. मग त्यांनी खुर्ची उचलली. मी खाली वाकलो. स्टुडिओची काच फुटली. काचेपलीकडे शहबाज होता, त्याच्या कानाला टाके पडले. राजवर्धननं तात्यांना भिंतीशी दाबून धरलं, तात्यांनी त्याच्या दंडाला चावा घेतला. पुतणे बाहेर उभेच होते. त्यांनी राजवर्धनच्या गाडीच्या सगळ्या काचा फोडल्या. राजवर्धनच्या भावानं त्यातल्या एकाला गाडीच्याच जॅकनं हाणलं.

मॅडम फुटक्या काचेसमोर उभ्या होत्या. म्हणाल्या, काका, मतदानाआधी एक मंगळवार उरलाय. लोकांना दोन्ही बाजू ऐकायचा हक्क आहे म्हणून तेवढा देते. त्या दिवशी कुणीही, कुणीही हात उचलला तर सगळं बंद. आणि तुम्हाला वाईट वाटेल, पण मालनमावशींचा आवाजसुद्धा.

मी म्हणालो, मला वाईट वाटायचा प्रश्न येत नाही. श्रोत्यांची गैरसोय होईल.

 

८ डिसेंबर, सोमवार

सर्व तयारी पूर्ण. नोंदी:

दोन्ही घरी स्वतः जाऊन आलो. तात्यांनी पाठ दाखवली, राजवर्धननं दंड दाखवला. दोघंही थकले आहेत. तात्या म्हणाले, भाऊसाहेब, आता मारामारीचा जीवच न्हाय राह्यला, रातीला कूस बदलता येत न्हाय. राजवर्धन म्हणाला, तुमची शपथ, मी त्यांच्याकडं बगनार बी न्हाय.

दोन्हीकडच्या काठ्या लियाकतभाईंच्या दुकानात जमा केल्या. त्यांनी प्रत्येक काठीला सुतळीनं मालकाचं नाव बांधून ठेवलं. काही जण म्हणाले, ही मोडू नका, आमची पिढीजात आहे.

पुतणे उद्या सकाळी ऊसतोडीवर जाणार. छबूबाई माहेरी, लोणी भापकरला.

स्टुडिओत खुर्च्या नकोत, सतरंजी अंथरायची. तांब्याच्या जागी कागदी कप.

आता काही होणं शक्य नाही. ज्याच्या हातून काही होईल असा एकही माणूस उद्या तिथं नसेल.

१० डिसेंबर, बुधवार

डाव्या हातानं लिहितो आहे. थोडक्यात.

काल सातला कार्यक्रम थेट सुरू झाला. मालनचं रेकॉर्डिंग वाजलं. विषय: पिण्याच्या पाण्याची योजना. एवढी चांगली चर्चा या केंद्रावर झाली नसेल. तात्या म्हणाले, पाइपलाइन कुनी बी आनू दे, पानी आलं म्हंजी झालं. राजवर्धन म्हणाला, तात्यांच्या काळात निदान टाकी तरी झाली. दोघांनी एकमेकांना आधी बोला, आधी बोला केलं. मॅडम दारात उभ्या राहून हसत होत्या.

दोन मिनिटं उरली होती. मी राजवर्धनला विचारलं, निवडून आलात तर पहिलं काम कोणतं? वातावरण हलकं होतं. तो हसून म्हणाला, आदी ह्या कार्यक्रमाची सुरवात बदलू भाऊसाहेब. वरीस होत आलं. आमचं बारकं पोरगं दर मंगळवारी इचारतंय, ती बाई मेलीया तर चहा कोन ठेवतंय?

सगळे हसले. तात्यांनी फेट्याचा पदर तोंडावर धरला, पण तेही हसले. शहबाजही हसला. बोलण्यात वाईट काही नव्हतं. मुलं असं विचारतात.

पुढचं मला नीट आठवत नाही. रेकॉर्डिंगवर आहे. शहबाजनं सांगितलं तसं लिहितो.

मी प्रथम माइकचा स्टँड उपटायचा प्रयत्न केला. तो टेबलाला स्क्रूनं बसवलेला आहे. म्हणून हातानं मारलं. पहिला फटका राजवर्धनच्या डोळ्यावर. तो सतरंजीवर पडला, मी त्याच्या छातीवर बसलो आणि मारत राहिलो. त्यानं हात उचलला नाही, नुसतं तोंड झाकलं. एक ठोसा त्यानं चुकवला, तो खाली फरशीवर बसला. हाताची दोन हाडं तिथं मोडली. तरी मी त्याच हातानं मारत होतो. तात्यांनी मागून कमरेला मिठी घातली, त्यांच्या दुखऱ्या पाठीत मी कोपर मारलं. मी काही शब्द वापरले. त्यातले दोन शहबाजला नवीन होते. घंटा टाकायला सवड मिळाली नाही, सगळं थेट गेलं.

शेवटी दोन्ही पॅनेलच्या माणसांनी मिळून माझे हातपाय धरले. निवडणूक लागल्यापासून त्यांनी एकत्र केलेलं हे पहिलंच काम.

इंदापूरला दवाखान्यात राजवर्धननंच नेलं. गाडीला काचा नव्हत्या, थंडी वाजत होती. त्याचा एक डोळा पूर्ण मिटला होता, एकाच डोळ्यानं चालवत होता. वाटेत म्हणाला, भाऊसाहेब, मला म्हायती न्हवतं ओ. मी म्हणालो, कशाबद्दल? निमगावच्या पुढं त्यानं गाडी थांबवून स्वतःचा स्वेटर माझ्या अंगावर टाकला.

पोलिसात त्यानं तक्रार दिली नाही. तात्यांनीही नाही.

प्लास्टर सहा आठवडे.

११ डिसेंबर, गुरुवार

मॅडम घरी आल्या. कार्यक्रम बंद, हे त्यांनी सांगायच्या आधीच मी सांगितलं. त्यांना अवघड जाऊ नये म्हणून. त्यांनी पेनड्राइव्ह पुढं केला. काका, यात मावशींचं आहे. मी म्हणालो, ठेवा केंद्रावरच, घरी याचा काही उपयोग नाही. त्या म्हणाल्या, संदेशदादांना पाठवू का? मी म्हणालो, पाठवा.

मॅडम रडल्या. तरुण आहेत. केंद्राचं काम ताणाचं असतं.

१५ डिसेंबर, सोमवार

काल मतदान झालं. एकही शिवी नाही, एकही काठी नाही. लियाकतभाई सांगत होते, जमा झालेल्या काठ्या न्यायला अजून कुणी आलेलं नाही. रांगेत तात्या आणि राजवर्धन शेजारी उभे होते. मला बघून दोघांनी वाट करून दिली आणि जरा लांब सरकले.

मतदान शांततेत पार पडलं. लोकशिक्षणाचा परिणाम दिसायला वेळ लागतो, पण दिसतो.

संदेशचा फोन आला. रेकॉर्डिंग मिळालं, म्हणाला. मी विचारलं, आवाज नीट आहे का, पातळी ठीक आहे का? म्हणाला, ठीक आहे बाबा.

१६ डिसेंबर, मंगळवार

सकाळी लवकर जाग आली. काम नव्हतं.

सात वाजता रेडिओ लावला. सुरुवातीला सनई, मग शेळ्यांच्या जंतांवर डॉक्टरांचा सल्ला. बाई चांगल्या बोलतात. औषध कधी द्यायचं, किती द्यायचं, सगळं समजावून सांगितलं.

आपल्याकडे शेळी नाही. शेवटपर्यंत ऐकलं.